रवींद्रचा संत्र्यांचा खेळ

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दर रविवारी दुपारी जे पुरुष जमायचे, त्यांच्या जमावाला भारदस्त नाव होतं : नागपूर संगणक क्रीडा मंडळ. गणपतीच्या मंडळासारखा त्याला अध्यक्ष होता, चहाची वर्गणी होती आणि भांडणंही तेवढीच होती. मी त्यांना मनातल्या मनात खुटखुट मंडळ म्हणायचे.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ अनंत बँकेत होता. त्याच्या मेहुण्यानं मस्कतहून एक कॉम्प्युटर आणला. आकारानं वहीएवढा, वर रबरी बटणं. तो टीव्हीला जोडल्याशिवाय चालत नसे, आणि अनंतच्या घरचा टीव्ही रविवारी रिकामा कुठला? सकाळी पौराणिक मालिका, संध्याकाळी सिनेमा. शेवटी त्याच्या आईनं सांगून टाकलं की या घरात एक तर तो डबा राहील नाही तर मी. डबा आमच्याकडे आला. आमची इन्स्टिट्यूट नागपूरच्या महाल भागात, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथं एक जुना टीव्ही धूळ खात होता. इन्स्टिट्यूट माझे सासरे महादेवराव यांनी काढलेली, पण शिकवायचे मीच. सासऱ्यांना विचारलं, तर त्यांनी त्या डब्यावरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाले, "कळफलक आहे ना याला? मग हा आपल्यातलाच."

मंडळ करायचं काय, तर परदेशी खेळांच्या कॅसेटी मिळवायच्या, त्यातला प्रोग्राम फोडायचा आणि खेळ बदलायचा. बाहेरून आलेला खेळ जसाच्या तसा खेळणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सीताबर्डीवर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या विश्वनाथनं एका अवकाशयानाची एस.टी. बस केली होती आणि ती ग्रहांऐवजी म्हशींना चुकवत जायची. वीज मंडळातल्या रवींद्रनं विमानातून पडणाऱ्या बॉम्बची संत्री केली. वर नरखेडकडची बाग, खाली टोपली. चांगली संत्री झेलायची आणि किडकी सोडून द्यायची. मला हा खेळ फार आवडायचा, म्हणजे बघायला. खेळता मला तो कधीच आला नाही.

येणार कसा? टोपली डावीकडे न्यायला एक बटण वरच्या ओळीत, उजवीकडे न्यायला दुसरं पार खाली कोपऱ्यात, आणि टोपली रिकामी करायला आकड्यांपैकी एक. असं का, तर रबरी बटणं वापरून वापरून बसली होती आणि रवींद्रनं जी धड चालत होती ती निवडली. विश्वनाथ डावखुरा, म्हणून त्याच्या बसची सगळी बटणं डाव्या अंगाला. अनंतनं आपल्या नावाची आद्याक्षरं घेतली होती. वेग कमी-जास्त करायचा तर प्रोग्राम थांबवून आतला आकडा बदलायचा, आणि कोणता आकडा ते फक्त करणाऱ्याला माहीत. पडद्यावर कुठं काही लिहिलेलं नाही. उलट, आपण बदललेला खेळ दुसऱ्याला चालवता आला नाही की यांच्या मिशा वर व्हायच्या. आपण आडात बसायचं आणि वर पुन्हा दोर ओढून घ्यायचा, यात कसली आली हुशारी? पण मला कोण विचारतो! मी आपली चहा सांगायची धनी.

रवींद्र या सगळ्यांत शांत. नागपुरातल्याच इंदोऱ्यात राहायचा, वडील लवकर गेले, आई पार्वतीबाईनं बिडीच्या कारखान्यात काम करून त्याला इंजिनिअर केला. एकदा पार्वतीबाई मला म्हणाली, "नीलाबाई, तुमच्याकडं एवढ्या पोरी येतात. माह्या रवीसाठी एखादी पाहा ना."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच यशोधरा आली. ती सावनेरहून रोज एस.टी.नं मराठी टायपिंग शिकायला यायची. वडील नत्थू कोळशाच्या खाणीत, आई मीराबाई. पोरगी काटक, बोलण्यात तिखट आणि बोटं अशी की नुसती बघत बसावं. दोन्ही घरं छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. पत्रिका-बित्रिका बघायची भानगडच नव्हती, म्हणजे आमच्याकडे ज्यात सहा महिने जातात ते काम आधीच झालेलं. मी दोन्हीकडे शब्द टाकला आणि बघण्याचा कार्यक्रम इन्स्टिट्यूटमध्येच ठरवला. सावनेरच्या लोकांना ते सोयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला समोर बसून ऐकायचं होतं.

रविवारी सकाळी सगळे जमले. आलूबोंडे झाले, चहा झाला. पार्वतीबाईनं रीतीप्रमाणे विचारलं : स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, नोकरी करायची आहे का. यशोधरानं सरळ उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "तुम्ही मले विचारलं, मी सांगतलं. आता मले बी एक पाहू द्या."

नत्थू गडबडला. "यशू, असं..."

"काहून बाबा? दर रविवारी हे इथं काय करतात, तेवढंच पाहू द्या म्हणते."

रवींद्र एवढा खूश झाला की खुर्ची पाडूनच उठला. कॅसेट लावली. खेळ टेपवरून कॉम्प्युटरमध्ये चढताना होते ती कर्कश्श किंचाळी सुरू झाली, तशी मीराबाई कानावर हात ठेवून म्हणाली, "माय वं, कोणाले चावून राहिलं हे?" पाच मिनिटांनी पडद्यावर बाग उमटली. नत्थू पुढं सरकला. "ही तर आपली नरखेडची वाडी दिसते गा!" तोवर सगळं छान चाललं होतं.

यशोधरा बसली. पाठ ताठ, दोन्ही हातांची बोटं मधल्या ओळीवर, नजर पडद्यावर. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी, ती आणखी कशी बसणार? रवींद्रनं भराभर सांगितलं की डावीकडे जायला टी, उजवीकडे जायला एम, टोपली रिकामी करायला सात. मराठी टायपिंगवाल्या मुलीला टी आणि एम कळफलकावर कुठं बसतात ते काय ठाऊक? ती चाचपडली. संत्री धपाधप जमिनीवर पडली.

"बटणाकडं पाहा ना," रवींद्र म्हणाला.

हे वाक्य माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये! बटणांकडे बघणाऱ्यांच्या हातांवर मी पुठ्ठ्याचं झाकण ठेवते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. यशोधरा खाली बघायला लागली. खाली बघितलं की वरची संत्री निसटायची, वर बघितलं की बटण निसटायचं. "थोडं हळू होत नाही का हे?" तिनं विचारलं. होतं, तो म्हणाला, पण त्याला प्रोग्राम थांबवून आतला आकडा बदलावा लागतो. "मग बंद कसं करतात?" ते मी करतो, असं म्हणून त्यानं तिच्या हाताखालून हात घालून तीन बटणं एकदम दाबली. पडदा काळा झाला.

ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चित्र लई सुंदर काढलं तुम्ही. पण या खेळात तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाले बसायले जागाच नाही. ज्यानं खेळात जागा ठेवली नाही, तो घरात काय ठेवन?"

नत्थूनं घसा साफ केला आणि "कळवतो आम्ही," असं म्हणून टोपी उचलली. माझ्या ऐकण्यात तरी हा शब्द नेहमी मुलाकडच्यांच्या तोंडी असतो. पार्वतीबाई पोराकडे बघत राहिली, आणि पोरगा त्या काळ्या पडद्याकडे.

सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, मले हीच मुलगी करायची आहे."

"तुला करायची आहे रे. तिचं काय?"

"तिले जमन असा खेळ करतो. मग तर झालं?"

मला वाटलं, सरळ मार्गावर आला. कसला येतोय! संध्याकाळचे वर्ग सुटले की तो कॉम्प्युटरपुढे बसायचा. एवढा खपला, की मीच त्याला दोनदा जेवण वाढलं. खेळ तयार झाल्यावर त्यानं यशोधराला वर्गानंतर थांबायची विनंती केली. मी कोपऱ्यात रिबीन बदलायचं निमित्त करून उभी राहिले.

खेळ सुरू झाला आणि पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द आले. जेंट्स आणि लेडीज.

एस.टी. स्टँडच्या संडासावर असतं तसं! मी कपाळाला हात लावला. यशोधरानं लेडीज निवडलं. संत्री अशी उतरायला लागली की एक खाली येईपर्यंत चहा उकळला असता. टोपली पडद्याच्या निम्मी, आणि किडकी संत्री काढूनच टाकलेली. तिनं एकही न सोडता सगळी झेलली. रवींद्र आशेनं म्हणाला, "जमलं ना?"

"साहेब, मी मिनिटाले चाळीस शब्द मारते," ती म्हणाली. "तुम्ही किती मारता?"

तो दोन बोटांनी टायपिंग करणारा माणूस.

"मंग मले कायले लेडीज सीटवर बसवता?"

ती खाली उतरली ती सावनेरच्या गाडीसाठी तरातरा चालत गेली. इकडे रवींद्र डोकं धरून बसला. मला त्याची दया आली नाही असं नाही, पण आधी राग आला, आणि माझा राग आला की तो बाहेर पडल्याशिवाय राहत नाही.

"इतके दिवस खपलास. एकदा तरी तिला विचारलंस?"

"काय विचारायचं होतं?"

"काहीही! बोटं कुठं ठेवतेस, एवढं तरी! आधी स्वतःपुरता खेळ केलास, मग तुझ्या मनातल्या बाईपुरता केलास. ती खरी बाई समोर बसली होती ना रे!"

माझे सासरे दारात कधी येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नाही. ते आत आले आणि एका टायपरायटरवरचं झाकण काढून म्हणाले, "बस इथं." रवींद्र बसला. "हे यंत्र दिवसभरात कितीतरी जण वापरतात. कुणाला समास मोठा लागतो, कुणाला लहान. प्रत्येकानं आपल्याला हवं तसं करून घ्यावं, माझी ना नाही. पण उठताना सगळं पहिल्या जागी आणून उठायचं. का? तर पुढच्याला बसल्या बसल्या काम सुरू करता यावं, आणि त्याला जे बदलायचं ते कुठं बदलायचं हे शोधावं लागू नये. नागपुरातल्या कुठल्याही इन्स्टिट्यूटमध्ये जा, समासाची खीळ जिथल्या तिथंच सापडेल. तुमच्या मंडळात असं काही आहे का?"

"नाही, महादेवराव."

"मग ते मंडळ कसलं? ते आपापल्या कपाटात बसलेले चार जण."

रवींद्रला त्या दिवशी उजाडलं. पण अडचण होती. त्याच्या खेळाचं बूड अनंतच्या प्रोग्रामचं. पडद्यावर वस्तू सरकवायची आणि बटणं ओळखायची युक्ती अनंतची होती, आणि ज्याचा भाग त्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा मंडळाचा सगळ्यात कडक नियम. शिवाय रवींद्रच्या मनात आता नुसता स्वतःचा खेळ नव्हता. त्यानं रविवारी मंडळापुढे सांगितलं की यापुढे आपण कुठलाही खेळ बदलला तरी त्याचं पहिलं पान सारखं असावं. बटणं खेळणाऱ्यानं स्वतः ठरवावीत, वेगही तिथंच ठरवावा, खेळ संपला की सगळं मूळ जागी परत यावं. आणि बाहेर पडायचं बटण सगळ्या खेळांत एकच असावं.

अनंत अध्यक्षाच्या खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे कोणीही येईल आणि खेळेल!"

"तेच तर!" मी चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाले.

"वहिनी, तुम्हाला नाही कळणार. मग त्यात कसब काय राहिलं? आपण रात्रीचा दिवस करून खेळ बदलायचा आणि पहिल्या पानावर अशी पाटी लावून लोकांना बोलवायचं? उद्या म्हणाल मराठीत लिहा."

"तेही सांगणारच होतो," रवींद्र म्हणाला.

"परवानगी नाही," अनंत म्हणाला. "माझा प्रोग्राम आहे."

रवींद्रचा चेहरा उतरला. त्या एका 'नाही'मध्ये त्याचं काय जात होतं, ते अनंतला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तेवढ्यात विश्वनाथ खाकरला. गरीब स्वभावाचा माणूस, वादात कधी पडायचा नाही.

"अध्यक्षसाहेब, रागावू नका. पण तुमच्या त्या किल्ल्याच्या खेळातून बाहेर कसं पडायचं, हे मले आजवर माहीत नाही. मी वायर उपटतो."

"काय?"

"मी पण," मागून लहानू म्हणाला. लहानू कन्हानच्या कागद गिरणीत फोरमन होता. "मी तर विश्वनाथच्या बसची पण वायरच उपटतो."

मग जो तो सांगायला लागला. कोण कुणाचा खेळ कसा बंद करतो, तर वायर उपटून. इतके दिवस एकमेकांच्या हुशारीला माना डोलावणारी ही मंडळी, पाठ फिरली की प्लगकडे हात न्यायची! माझ्या भिंतीतलं सॉकेट दर महिन्याला ढिलं का होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"काय बे, अक्कल गहाण टाकली का सगळ्यांनी?" अनंत भडकला. "इतकं सोपं आहे! बघा." त्यानं आपलीच किल्ल्याची कॅसेट लावली. खेळ सुरू झाला. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अनंतनं ए दाबलं, डी दाबलं. शिपाई हलेना. "हां, हा मी बटणं बदलायच्या आधीचा आहे," तो म्हणाला आणि वरची ओळ दाबली, मग खालची दाबली, मग तळव्यानं सगळाच कळफलक दाबला. शिपायानं जागच्या जागी एक उडी मारली. अनंतच्या कपाळावर घाम आला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि त्याचा हात हळूच वायरीकडे गेला.

सगळे असे हसले की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. मनाचा मोठा म्हणून अनंत स्वतःही हसला. "ठीक आहे बे," तो म्हणाला, "घे प्रोग्राम. पण पहिल्या पानावर माझं नाव टाक." म्हटलं, चला, अध्यक्षांना पाटी चालते, फक्त त्यावर नाव आपलं पाहिजे.

आता खरं अवघड काम राहिलं होतं आणि ते मी त्याच्यासाठी करणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रवींद्र यशोधरासमोर येऊन उभा राहिला. साहेबी थाटाचं सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे.

"एक विचारू का?"

"विचारा."

"तुम्ही बसता तेव्हा तुमची बोटं कुठं असतात?"

ती आधी त्याच्याकडे संशयानं बघत राहिली. मग तिनं टेबलावरच बोटं मांडून दाखवली. त्यानं विचारलं, अक्षरं सांगितली तर चालतील का? ती म्हणाली, अक्षरं मले सांगूच नका, मले काय पाहिजे ते विचारा. किडकी संत्री ठेवू का? ठेवा की, नाहीतर मजा काय! वेग? "वेग मी ठरवीन," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडी हसली. सुट्टी संपल्याची घंटा मी जरा उशिराच वाजवली. सासरे घड्याळाकडे बघून काहीच बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी दोन्ही घरची माणसं आली, मंडळही झाडून हजर राहिलं. कॅसेट किंचाळली. मीराबाईनं या वेळी आधीच कानात बोटं घातली होती. आणि पडद्यावर मराठी अक्षरं आली. ते यंत्र आपल्या हातानं काढलेली मोजकीच चिन्हं ठेवू देतं म्हणे, त्यामुळे एवढ्याशा अक्षरांत बसतील असे शब्द शोधायला रवींद्रला पूर्ण आठवडा लागला. अक्षरं थोडी वेडीवाकडी होती, पण नत्थूनं ती मोठ्यानं वाचली. शाळा चौथीपर्यंतच झालेला माणूस, पण टीव्हीवर आलेलं कॉम्प्युटरचं लिहिणं त्यानं घडाघडा वाचलं आणि आजूबाजूला अशा नजरेनं बघितलं की मला भरून आलं.

डावीकडे जायला कोणतं बटण? पडद्यानं विचारलं. यशोधरानं न बघता डाव्या हाताचं पहिलं बोट दाबलं. उजवीकडे जायला? उजव्या हाताचं पहिलं. मग वेग आला, एकपासून नऊपर्यंत. पाचवर खूण आधीच केलेली. रवींद्र तोंड उघडणार होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं. यशोधरानं थेट नऊ निवडलं.

संत्री पावसासारखी आली. टोपली अशी पळायला लागली की बघणाऱ्यांच्या माना दुखाव्यात. नजर पडद्यावर, पाठ ताठ, बोटं जागची न हलता चालताहेत. कुणी काही शिकवलं नाही, कुणी तिच्या हाताखालून हात घातला नाही. शेवटी एक किडकं संत्रं टोपलीत पडलंच आणि खेळ संपला. ती खळखळून हसली. हरल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी त्या खोलीत पाहिलं नव्हतं, आणि खुटखुट मंडळात तर नाहीच. पडद्यावर पुन्हा पहिलं पान आलं. तिनं आता सात घेतलं आणि परत सुरू झाली. विश्वनाथ अनंतला म्हणाला, "तुमचा शिपाई बी असाच करून घ्या आता." अनंत म्हणाला, "कालच घेतला करायला."

खिडकीतली उन्हं उतरली. नत्थू घड्याळ बघायला लागला. "यशू, गाडी निघन वं. मंग... या लोकायले काय, कळवतो म्हणू?"

"कळवाचं काय बाबा," यशोधरा म्हणाली. बोटं थांबली नव्हती. "समोरच तर बसले हायेत. सांगून टाका, मुलगा पसंत आहे."

एक संत्रं धप्पकन जमिनीवर पडलं, मग दुसरं. रवींद्रचे कान लाल झाले.

मी चहाचे कप गोळा करत होते, ते तसेच हातात राहिले. मला बघायला आले होते तेव्हा मी सतरंजीची नक्षी बघत बसले होते. मी पसंत झाले, हे मला माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. नवरा चांगला मिळाला, सासरे तर देवमाणूस. माझी काही तक्रार नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हे मलाही कधी सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, चांगल्या दिवशी, कप हातात धरून मला त्याचं रडू आलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्हींतलं काय आवरावं ते कळेना.

पार्वतीबाई उठली. गुडघ्यांवर हात टेकत यशोधराच्या बाकाजवळ गेली. मला वाटलं, आता ही सासूबाईसारखी काही बोलणार. तिनं पडद्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि यशोधराच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "सरक वं माय जराशी. मले बी बसू दे. पोरगं इतके दिवस काय करून राहिलं, ते मले कोणी दाखवलंच नाही."

यशोधरा सरकली.